व्हायब्रेटिंग ल्यूरसाठी रॉड निवडताना: आधी ल्यूर, मग पाणी, शेवटी रॉड

व्हायब्रेटिंग ल्यूर म्हणजे ओढताच पाण्यात थरथरणारं खोटं आमिष. त्यावर मासा जोरात येतो, दोन-तीन हिसके देतो आणि लाईन सैल पडते. मग हुक बोथट होता, ड्रॅग (ओढ वाढली की रीलमधून लाईन सुटू देणारा ब्रेक) घट्ट होता, मासा नुसता चाटून गेला, अशी कारणं शोधली जातात. ती कधी कधी खरीही असतात. पण हेच वारंवार होत असेल तर आधी रॉड तपासावा. ‘सेन्सिटिव्ह’ आणि ‘ताकदवान’ या दोन शब्दांवर भुलून घेतलेला रॉड या ल्यूरसाठी बहुधा गरजेपेक्षा ताठ निघतो. उलट टोकाची चूकही होते: ‘मऊ रॉडवर मासा सुटत नाही’ एवढं ऐकून इतका लवचीक रॉड घेतात की ल्यूर गवतात अडकला तरी हाताला कळत नाही.

निवडीचा सगळा हिशेब एका गोष्टीवर बसतो. रॉडला तीन वेळा वाकावं लागतं: फेकताना, ओढताना आणि मासा लागल्यावर. जिग (वजनदार डोक्याचा हुक) किंवा मऊ प्लास्टिकची अळी ओढताना रॉड जवळजवळ सरळच असतो. व्हायब्रेटिंग ल्यूर मात्र पाण्यात सतत खेचत असतो, म्हणजे मासा येण्याआधीच रॉडचा काही वाक खर्च झालेला असतो. ओढताना फक्त टिपकडचा, म्हणजे टोकाकडचा भाग कामाला लागावा आणि मधला भाग माशासाठी राखीव राहावा, हे साधलं की बाकीचे प्रश्न निम्मे होतात.

## तयारी

रॉड बघायला जाण्यापूर्वी एवढं जवळ ठेवा:

- तुम्ही खरोखर वापरणार असाल ते तीन-चार ल्यूर, हुक आणि स्नॅप (ल्यूर अडकवायची उघडझाप होणारी छोटी कडी) यांच्यासकट
- ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा
- मापाची टेप
- लाईन भरलेलं तुमचं रील
- थोडा कापूस
- घरी किंवा मित्राच्या रॉडवर चाचणी करायची असेल तर दोरा, प्लास्टिकची पिशवी आणि पाणी मोजायचं भांडं

रील नसेल तर ते रॉडनंतर घ्या. रील आधी घेतलं की त्याच्या वजनाला जुळणारा रॉड शोधत बसावं लागतं.

## टप्पा 1: ल्यूर ओळखा आणि काट्यावर ठेवा

थरथरणारा प्रत्येक ल्यूर एकाच रॉडवर चालत नाही. चार प्रकार वेगळे धरा.

हार्ड व्हाइब. चपट्या बाजूंचं प्लास्टिकचं शरीर, पुढे ओठ नाही. लाईन जोडायची कडी नाकावर नसते, ती पाठीवर असते. ओढलं की कपाळाच्या उतारावर पाणी दाबतं आणि शरीर भराभर डावी-उजवीकडे हलतं. खाली दोन ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे हुक.

ब्लेड. धातूची पातळ पट्टी, डोक्याशी शिशाचा किंवा दुसऱ्या जड धातूचा गोळा, पाठीवर दोन-तीन छिद्रं. आकार लहान आणि वजन जास्त, त्यामुळे लांब जातो आणि झटकन बुडतो.

सॉफ्ट व्हाइब. बाहेरून मऊ, आत वजन. बहुतेकदा तळाजवळ उचल-सोड करत चालवतात.

ब्लेडेड जिग. जिगच्या डोक्यापुढे पत्र्याचा तुकडा, मागे झालर आणि बहुधा एखादी मऊ शेपटी. हुक एकच, पण जाड तारेचा. ही जाड तार पुढे रॉड ठरवताना महत्त्वाची ठरते.

आता प्रत्येक ल्यूर पूर्ण सजवून, म्हणजे हुक, रिंग, स्नॅप, शेपटी सगळं लावून तोला. डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. जिगच्या पाकिटावर बहुधा फक्त डोक्याचं वजन छापलेलं असतं. झालर आणि शेपटी जोडली की 10 ग्रॅमचा जिग सहज 15 ग्रॅमच्या वर जातो. मिळालेले आकडे लिहून ठेवा. सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड यांच्यात दुपटीपेक्षा जास्त फरक असेल तर एका रॉडवर दोन्ही नीट चालणार नाहीत. ज्या वजनाचा ल्यूर दिवसभरात सगळ्यात जास्त वेळ पाण्यात असतो, तोच धरून पुढे चला.

तपासा: ब्लेडची लाईन कुठल्या छिद्रात जोडता? पुढच्या छिद्रात कंपन बारीक आणि जलद होतं, मागच्या छिद्रात रुंद होतं आणि हाताला ओढ जास्त लागते. रॉडची चाचणी त्याच छिद्रावर करा ज्यावर तुम्ही खरं मासेमारी करणार आहात. लाईन थेट छिद्रात बांधू नका, पत्र्याची धार गाठ कापते. गोलसर वाकाचा स्नॅप लावा.

## टप्पा 2: पाणी आणि उभं राहण्याची जागा

तीन प्रश्नांची उत्तरं पुरतात.

ल्यूर आडवा ओढणार की उभा उचलणार? आडव्या ओढीला सगळा वाक हवा असतो, उभ्या उचलीला टिपची जाणीव.

पाण्यात गवत आहे का? गवतातून ल्यूर फाडून काढावा लागत असेल तर मऊ रॉड नुसता वाकत राहतो आणि ल्यूर तिथेच बसतो. मोकळ्या पाण्यासाठी उत्तम ठरलेला रॉड गवताळ पाण्यात कुचकामी ठरण्याचं कारण हेच.

काठावरून की होडीतून? काठावरून लांबी लागते, होडीत आटोपशीरपणा.

## टप्पा 3: पॉवर ठरवा, पण अक्षरांवरून नाही

पॉवर म्हणजे रॉडचा ताठपणा. रॉडवर अल्ट्रालाईट, लाईट, मीडियम-लाईट, मीडियम, मीडियम-हेवी, हेवी असं काहीतरी लिहिलेलं असतं. या शब्दांना सगळ्या कंपन्यांत सारखं माप नाही. एकाचा मीडियम दुसऱ्याच्या मीडियम-हेवीइतका ताठ असू शकतो. म्हणून हँडलच्या वर छापलेली ल्यूरच्या वजनाची मर्यादा वाचा. औंसात असेल तर: पाव औंस 7 ग्रॅम, तीन-अष्टमांश औंस सुमारे साडेदहा ग्रॅम, अर्धा औंस 14 ग्रॅम, पाऊण औंस 21 ग्रॅम, एक औंस 28 ग्रॅम.

मर्यादेच्या आत वजन बसलं की झालं, असं समजू नका. छापलेली मर्यादा फेकण्यासाठी असते. व्हायब्रेटिंग ल्यूर पाण्यात स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त जोराने खेचतो, त्यामुळे वरच्या टोकाला असलेला ल्यूर फेकला जातो छान, पण ओढताना रॉड अर्धा वाकलेला राहतो आणि मासा लागल्यावर द्यायला काही उरत नाही. खालच्या टोकाला उलटं होतं: टिपवर भार येत नाही, फेक आखूड पडते, कंपन ठोकल्यासारखं कडक लागतं.

हिशेब असा करा. वरच्या आकड्यातून खालचा वजा करा, आलेल्या फरकाचा चौथा भाग दोन्ही टोकांकडून सोडा, आणि मधल्या भागात आपला ल्यूर बसतो का ते बघा.

- 5 ते 21 ग्रॅमचा रॉड: फरक 16, चौथा भाग 4. सोयीचा पट्टा 9 ते 17 ग्रॅम.
- 10 ते 35 ग्रॅमचा रॉड: फरक 25, चौथा भाग सव्वासहा. सोयीचा पट्टा साधारण 16 ते 29 ग्रॅम.
- 3 ते 14 ग्रॅमचा रॉड: फरक 11, चौथा भाग पावणेतीन. सोयीचा पट्टा साधारण 6 ते 11 ग्रॅम.

ढोबळमानाने 10 ग्रॅमपर्यंतच्या लहान ब्लेडला मीडियम-लाईट, 10 ते 18 ग्रॅमच्या व्हाइबला मीडियम, त्यावरच्या वजनाला, गवताळ पाण्याला आणि ब्लेडेड जिगला मीडियम-हेवी. शेवटच्या प्रकारात वजन कमी असलं तरी एक पायरी वर जावं लागतं, कारण जाड तारेचा हुक रुतायला जास्त जोर लागतो.

सावधान: ‘मोठा मासा लागला तर?’ या भीतीने पॉवर वाढवू नका. मोठा मासा ड्रॅग आणि लाईन सांभाळतात. गरजेपेक्षा ताठ रॉडवर उलट ट्रेबलचा हुक तोंडातून फाटून निघतो.

## टप्पा 4: ॲक्शन, म्हणजे रॉड कुठे वाकतो

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. ताठ पण मधून वाकणारा रॉड असतो, आणि हलका पण फक्त टोकाशी वाकणारा रॉडही असतो. फास्ट म्हणजे चांगला आणि स्लो म्हणजे स्वस्त, असली प्रतवारी यात नाही.

फास्ट ॲक्शनचा रॉड वरच्या चौथाईत वाकतो. मॉडरेट-फास्ट साधारण वरच्या तिसऱ्या भागात. मॉडरेट जवळजवळ मध्यापर्यंत. स्लो हँडलपर्यंत वाकत जातो आणि या कामासाठी क्वचितच लागतो.

हार्ड व्हाइब, मोकळं पाणी, सरळ ओढ: मॉडरेट किंवा मॉडरेट-फास्ट. मासा मान झटकतो तेव्हा बाहेर लोंबणारा जड ल्यूर तरफेसारखा हुकावर हिसके देतो. लाईन क्षणभर जरी सैल पडली तरी आखूड ट्रेबल निसटतो. मधून वाकणारा रॉड त्या प्रत्येक झटक्याला आत-बाहेर होत लाईन ताणलेली ठेवतो. शिवाय या ल्यूरवर बहुतेक मासे वेगात येऊन स्वतःच हुकाला लागतात. रॉडने थोडं झुकतं घेतलं तर ल्यूर तोंडात नीट शिरतो. फास्ट रॉडवर तो झडपेसरशी ओढून घेतला जातो.

हार्ड व्हाइब, गवत: मॉडरेट-फास्ट, पॉवर एक पायरी वर. मनगटाच्या एका झटक्यात ल्यूर गवतातून सुटला पाहिजे. झटका दिल्यावर आधी रॉड खोल वाकतो आणि ल्यूर उशिरा, सावकाश सरकतो, असं दिसलं तर रॉड मऊ आहे.

ब्लेड आणि सॉफ्ट व्हाइब, उचल-सोड: फास्ट. मासा बहुतेकदा ल्यूर खाली पडताना घेतो आणि तो क्षण टिपच्या बारीक हालचालीवरून किंवा लाईन मध्येच थबकण्यावरून कळतो. टिपचा शेवटचा वीतभर भाग मात्र बारीक आणि लवचीक हवा. टोकापासूनच दांड्यासारखा असलेला फास्ट रॉड नको.

ब्लेडेड जिग: मॉडरेट-फास्ट, मीडियम-हेवी. फास्ट चालतो, पण झडप बसताच हात लगेच झटका देतो आणि जिग तोंडातून बाहेर येतो. ज्यांना ही सवय आवरता येत नाही त्यांनी मॉडरेटकडे झुकावं.

जिताड्यासारख्या कडक तोंडाच्या माशासाठी वरच्या प्रत्येक शिफारशीत पॉवर थोडी वाढवली तरी चालेल. ॲक्शन बदलायची गरज नाही.

पिशवीची चाचणी. दोन रॉडची तुलना करायची असेल तर लेबलपेक्षा ही खात्रीची. हँडल टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून रॉड आडवा ठेवा. टेबलाबाहेर आलेली लांबी मोजा. समजा 180 सेंटिमीटर. टिपच्या कडीला दोऱ्याने रिकामी पिशवी टांगा आणि 50-50 मिलिलिटर पाणी हळूहळू ओतत जा. 50 मिलिलिटर म्हणजे 50 ग्रॅम, वेगळं तोलायला नको. टिप लांबीच्या एक-चतुर्थांश, म्हणजे 45 सेंटिमीटर खाली आली की थांबा. किती पाणी लागलं ती पॉवर. आता टोकाकडे बाजूने बघा: शेवटचा भाग जवळजवळ जमिनीकडे वळला असेल तर ॲक्शन फास्ट, तिरका, लांबलचक कमानीत असेल तर मॉडरेट. दुसऱ्या रॉडवर टेबलाबाहेरची लांबी तेवढीच ठेवली तरच आकडे जुळवता येतील. पाणी एकदम ओतू नका, पिशवीला झोका देऊ नका.

## टप्पा 5: साहित्य आणि लाईन एकत्र ठरवा

लाईन आणि रॉड मिळून एकच स्प्रिंग होते. एकीचा ताण दुसऱ्याने भरून काढायचा असतो, म्हणून रॉडचं साहित्य लाईनशिवाय ठरवता येत नाही.

फायबरग्लास सावकाश वाकतो, सावकाश परततो, मार सोसतो, पण जड असतो आणि कंपन गिळतो. कार्बन हलका, जलद आणि कंपन स्पष्ट पोहोचवणारा. बाजूने मार बसला तर मात्र ठिसूळ. कंपोझिट म्हणजे दोन्हींचं मिश्रण, आणि हार्ड व्हाइबसाठी पहिला रॉड घेणाऱ्याला बिनधास्त सुचवावं असं हेच. कार्बनवर 24, 30, 40 टन असे आकडे असतात. ते धाग्याच्या ताठपणाचे असतात, रॉडच्या मजबुतीचे नाहीत. रोज जड ल्यूर फेकायचा असेल तर मोठ्या आकड्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाईन जवळजवळ ताणत नाही, नायलॉन चांगलीच ताणते, फ्लुरोकार्बन या दोन्हींच्या मधे. त्यावरून जोड्या अशा:

- ग्लास किंवा कंपोझिट रॉडला ब्रेडेड लाईन बेलाशक. रॉडची सुस्ती लाईन भरून काढते.
- मॉडरेट कार्बनला ब्रेडेड आणि फ्लुरोकार्बन लीडर (मुख्य लाईन आणि ल्यूर यांच्यामधला जोडतुकडा).
- फास्ट कार्बन आडव्या ओढीला वापरायचाच असेल तर नायलॉन किंवा फ्लुरोकार्बन मुख्य लाईन.
- खोल पाण्यात उभी उचल-सोड असेल तर फास्ट कार्बन आणि ब्रेडेड. तिथे नायलॉन घेतली तर तळाजवळची चाहूल ताणातच विरून जाते.

10 ते 20 ग्रॅमच्या ल्यूरला पीई 1 ते 1.2 जाडीची ब्रेडेड पुरते (पीई हा ब्रेडेडच्या जाडीचा क्रमांक). लीडर 50 ते 80 सेंटिमीटर, फेकताना गाठ टिपच्या कडीबाहेर राहील एवढा.

तपासा: ताठ रॉड, न ताणणारी लाईन आणि घट्ट ड्रॅग या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत का? आल्या असतील तर निदान एक तरी सोडा. ट्रेबलवर मासे सुटण्याचं हे सगळ्यात नेहमीचं त्रिकूट आहे.

## टप्पा 6: लांबी, हँडल, कड्या

होडीतून, उभ्या उचलीसाठी किंवा झाडीच्या काठावर 6 फूट ते 6 फूट 6 इंच, म्हणजे साधारण 183 ते 198 सेंटिमीटर. मोकळ्यावर लांब फेकून ओढायला 7 ते 7 फूट 6 इंच, म्हणजे 213 ते 229 सेंटिमीटर. समुद्राच्या काठावरून 8 फुटांपुढे जायला हरकत नाही. लांब रॉड फेक वाढवतो, शिवाय हुक रुतवताना एका हालचालीत जास्त लाईन गोळा करतो. ल्यूर दूर असताना मासा लागला तर हा फरक जाणवतो. बदल्यात दिवसभर मनगटावर भार येतो.

दोन हातांनी फेकणार असाल तर हँडलचं मागचं टोक कोपराच्या थोडं पुढे जायला हवं. उभ्या उचलीला ते आखूड असलेलं बरं, नाहीतर प्रत्येक उचलीला कपड्यात अडकतं.

10 ग्रॅमच्या आतल्या ल्यूरला स्पिनिंग रॉड (रील खाली लटकतं तो) घ्या. 14 ग्रॅमच्या वर कास्टिंग रॉड (रील वर बसतं तो) सोयीचा. मधल्या वजनाला सवयीप्रमाणे.

कड्या मोजा. रॉड जितके फूट लांब, निदान तितक्या कड्या आणि टिपची वेगळी. कमी असतील तर वाकलेल्या रॉडवर दोन कड्यांमधली लाईन ब्लँकला, म्हणजे रॉडच्या दांड्याला घासते. ब्रेडेड वापरणार असाल तर कड्यांच्या आत सिरॅमिकचं कडं हवंच.

## टप्पा 7: हातात घेऊन तपासणी

हा क्रम मोडू नका; रील न लावता पारखलेला रॉड घरी गेल्यावर वेगळाच लागतो.

1. सरळपणा. हँडलकडून एक डोळा मिटून बघा. कड्या एका रेषेत हव्यात. जोड असलेला रॉड आधी जोडा, मग बघा.
2. कड्यांच्या भेगा. कापसाचा पीळ प्रत्येक कडीतून फिरवा. तंतू अडकला तर तिथे भेग किंवा खरबरीतपणा आहे. डोळ्याला न दिसणारी ही भेग ब्रेडेड लाईन काही दिवसांत पिंजून काढते.
3. जोड. घट्ट बसवून रॉड हलका हलवा. टक्-टक् आवाज किंवा सैलपणा नको. सतत फेकण्याने आणि कंपनाने जोड ढिला होतो, म्हणून वापरतानाही मधूनमधून चाचपत जा.
4. तोल. रील लावा, लाईन ओवा, ल्यूर टांगा. रीलच्या पुढच्या बाजूला एका बोटावर रॉड तोलून बघा. टिप थोडी खाली झुकली तर आडव्या ओढीला चालेल. उचल-सोडीला मात्र तो आडवाच राहायला हवा, नाहीतर तासाभरात मनगट भरून येतं.
5. भार. लाईनचं टोक सोबतच्या माणसाला धरायला द्या, ल्यूर न लावता. तो दोन-तीन मीटरवर उभा राहून हळूहळू ओढेल. कमान बघा: ओढ वाढत जाईल तसा वाक टिपकडून मधल्या भागाकडे सरकत यावा. मध्येच एका जागी कोन पडल्यासारखा वाकला तर तो रॉड परत ठेवा.

सावधान: टिप चिमटीत धरून रॉड वाकवू नका, छताला किंवा जमिनीला टेकवून दाबू नका, आणि भार असताना रॉड उभ्याच्या मागे नेऊ नका. या तिन्हींत सगळा ताण टिपकडच्या बारीक भागावर येतो आणि कार्बन तिथे तुटतो. मासा काठाशी आल्यावर रॉड डोक्यामागे नेणाऱ्यांचे रॉडही असेच मोडतात.

नुसतं हवेत सपासप हलवून रॉड पारखायची पद्धत सोडून द्या. हवेत सगळेच मऊ रॉड ढिले आणि सगळेच ताठ रॉड छान वाटतात.

## टप्पा 8: पाण्यात पहिली चाचणी

मासे पकडायच्या घाईआधी थोडा वेळ यासाठी ठेवा.

ड्रॅग. लाईनच्या तुटण्याच्या भाराच्या चौथा भाग, आणि ट्रेबल असतील तर त्याहून थोडा कमी. 9 किलोची लाईन असेल तर दोन किलोच्या आसपास. स्प्रिंगचा काटा लाईनला बांधून, रॉड वाकलेला ठेवून मोजा. सरळ रीलमधून ओढून मोजलात तर कड्यांचं घर्षण हिशेबात येत नाही.

फेक. निम्म्या जोराने फेका. योग्य रॉडवर ल्यूर एवढ्यानेही सहज जातो. पूर्ण जोर लावल्याशिवाय जात नसेल तर ल्यूर हलका आहे किंवा रॉड ताठ.

सगळ्यात कमी वेग. रील हळूहळू फिरवत कंपन सुरू होण्याचा वेग शोधा. तो वेग हातात ओळखू यायला हवा. कंपन पाण्यात चालू आहे पण हाताला कळत नाही, असं आहे का हे काठाजवळ स्वच्छ पाण्यात ल्यूर बघतच तपासा.

ओढताना टिप. रॉड लाईनशी तिरका, एका बाजूला धरा. टिपचा शेवटचा वीतभर भाग थरथरताना दिसावा, मधला भाग स्थिर असावा. मध्यापर्यंत कायमचा वाक दिसत असेल तर राखीव काही उरलेलं नाही. रॉड थेट ल्यूरच्या दिशेने रोखून ओढणं ही फार जणांची चूक आहे. त्या स्थितीत रॉड वाकूच शकत नाही आणि झडपेचा सगळा धक्का लाईनवर व हुकावर येतो.

गवताची खूण. ल्यूर मुद्दाम गवताच्या कडेने आणा. एक पान अडकलं तरी कंपन मंद होतं किंवा थांबतं. ते तुम्हाला लगेच कळलं पाहिजे. ल्यूर बाहेर काढल्यावर गवत दिसतं आणि तोवर पत्ता नसतो, असं दोन-तीनदा झालं तर रॉड किंवा लाईन कंपन गिळते आहे.

उचल-सोड. ब्लेड तळाला टेकवा, टिप जेमतेम कंपनाचे तीन-चार ठोके लागेपर्यंत, म्हणजे साधारण 20 ते 40 सेंटिमीटर उचला आणि लाईन अर्धवट ताणलेली ठेवत टिपने त्याच्या मागे खाली या. लाईन पूर्ण सैल सोडली की पडताना हुक लाईनलाच अडकतो. रॉड फार मऊ असेल तर तुम्ही टिप उचलता आणि ल्यूर उशिरा हलतो. ठोके मोजताच येत नाहीत.

हुक रुतवण्याचा जोर. लाईन 15 मीटरवर खांबाला बांधा, ल्यूर काढून. नेहमीसारखी बाजूने एक सलग ओढ द्या. ट्रेबलसाठी ठरवलेला ड्रॅग त्या ओढीला जरासा सरकला तर जमलं. सरकायला दोन पावलं मागे जावं लागत असेल तर रॉड मऊ आहे. मनगटाच्या हिसक्यानेच करकरत सुटत असेल तर ताठ.

## लक्षणावरून दोष

झडप लागते, मासा लगेच सुटतो. रॉड ताठ किंवा फास्ट. बदलण्याआधी ड्रॅग सैल करा आणि लीडरऐवजी नायलॉनची दोन-तीन मीटर लांब जोड लावून बघा. ही लांब जोड कड्यांतून जाणार, तेव्हा गाठ बारीक बांधा. फरक पडला तर दोष तोच.

मासा चांगला लागतो, काठाशी येऊन सुटतो. बाहेर लाईन थोडी उरते, तिचा ताण घेण्याचा गुण जातो आणि रॉड एकटा पडतो. शेवटच्या पाच-सहा मीटरमध्ये रॉड खाली, बाजूला धरा. तरीही होत असेल तर ॲक्शन एक पायरी मॉडरेटकडे न्या.

ब्लेडेड जिगवर मासा खेचतो पण हुक रुतत नाही. इथे उलटं: पॉवर कमी पडते. ट्रेबलसाठी घेतलेल्या मऊ रॉडवर हा जिग चालवणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार.

हात झिणझिण्या आल्यासारखा होतो. ल्यूर मर्यादेच्या खालच्या टोकाला आहे, किंवा रॉड फार ताठ. ब्लेडवर छिद्र बदलूनही फरक पडतो.

कंपन अधूनमधून जातं, गवत नसतानाही. रॉडला दोष देऊ नका. स्नॅप फिरून वाकडा बसला आहे, ट्रेबल एकमेकांत किंवा लीडरमध्ये अडकला आहे, किंवा ब्लेडची पट्टी वाकली आहे. पट्टी सपाट पृष्ठभागावर ठेवून बघा.

झडपा येतात, ओरखडे दिसतात, हुक लागत नाही. आधी हुकाची टोकं नखावर घासून बघा. घसरली तर बोथट. हुक बदलताना एक नंबर मोठा लावण्याचा मोह होतो. त्याने ल्यूर जड होतो आणि कंपन मंदावतं, तेव्हा तो पुन्हा काट्यावर ठेवा आणि टप्पा 3 चा हिशेब नव्या वजनाने करा.